शिवेबाहेर काढलेली बांडी

९ जानेवारी २०२५

रुपाली,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटलं असंल. घरात फोन एकच, अन् मी तो हातात घेतला की सगळ्यांचे कान उभे राहतात. म्हणून लिवायलेय. चौथी शिकलेली हाय मी. चुका काढत बसू नको.

तुझ्या आईचा निरोप आला. शब्दांची वही पाठवा म्हणून. वही इथं न्हाई. तुझी पेटी उघडून पाहिली, फळीवर पाहिलं. गंगाखेडला जाताना तूच नेली असशील, न्हाई तर सेलूच्या स्टेशनवर पडली असंल. तलाठ्याची परीक्षा मार्चात हाय म्हणं. नवी वही कर. पाठ केलेलं कुठं जातंय?

घरी सगळे बरे हायत. माझा रामहरी कामाला जातो, येतो, जेवतो. तुझे मामंजी खोकतात. उरलेल्या शेळ्या ठीक हायत.

अन् आणखी एक. वालूरच्या बाजारात बाया बोलायल्यात की मनकर्णानं सून हाकलली. मी कुणाला हाकललं न्हाई. ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ एवढंच म्हणले होते. चार दिवसांचे दोन महिने झाले, ते काय मी केले?

तुझी सासू,
मनकर्णा


१७ जानेवारी २०२५

रुपाली,

वही हाय.

ज्वारीच्या कणगीत हाय. तू निघायच्या दिवशी पिशवी भरून दारात ठेवलीस अन् पाणी प्यायला आत गेलीस. तेवढ्यात मी ती पिशवीतून काढली अन् ज्वारीत खुपसली. का, ते विचारू नको. वही न्हाई तर परीक्षा न्हाई, अन् परीक्षा न्हाई तर हिचा तोरा उतरंल, असलं काहीतरी डोक्यात होतं. घ्या, सांगितलं.

मागच्या पत्रात खोटं लिवलं. ते पत्र टाकून घरी आले तर भाकरी थापताना हात चालंना. मग दळण काढायच्या निमित्तानं कणगीत हात घातला अन् वही काढली. म्हणलं पाहू तरी, ही पोर एवढं काय लिवत होती.

एका पानावर एक शब्द. वर विंग्रजी, त्याखाली मराठी अक्षरात त्याचा उच्चार, मग अर्थ, मग उगम, मग वापर. उगम म्हणजे तो शब्द कुठनं निघाला ते. आमाला वाटायचं शब्द देवानंच दिलेत. तुझ्या वहीत तर प्रत्येकाचा बाप, गाव, जात सगळं लिवलंय. कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला, कारण जुन्या काळी रोमात निवडणुकीला उभे राहणारे पांढरे कपडे घालून हिंडायचे. मला हसूच आलं. एवढी वर्षं झाली तरी धोब्याचं काम काही कमी झालं न्हाई.

अन् ॲडमंट. अर्थ, हेकट. उगम, ग्रीक लोकांचा एक दगड, जो कशानंच फुटत न्हाई. वापर: ‘आत्याबाई ॲडमंट आहेत, पण भाकरी लय मऊ करतात.’

वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली. मग परत वाचलं. मग भाकरीकडं पाहिलं.

वही पाठवते. लगेच न्हाई. मला अजून पुढची पानं वाचायचीत. एक पान वाचायला मला अर्धा दिवस लागतोय.

मनकर्णा


२६ जानेवारी २०२५

रुपाली,

सकाळी शाळेतून पोरांचं झेंड्याचं गाणं ऐकू येत होतं, तवा मी शेवटच्या पानावर आले.

कोपऱ्यात तारीख हाय, १४ नोव्हेंबर. म्हणजे तू गेलीस तो दिवस. म्हणजे मी वही चोरली त्याच्या आधी तासभर. शब्द स्केपगोट.

तुझंच अक्षर तुला परत लिवून दाखवते, मला ते आता पाठ झालंय. अर्थ: दुसऱ्याच्या चुकीचा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो. उगम: फार जुन्या काळी यहुदी लोक वर्षातून एक दिवस दोन बोकड आणत. चिठ्ठ्या टाकत. एक बोकड देवाला कापत. दुसऱ्याच्या डोक्यावर पुजारी दोन्ही हात ठेवी, सगळ्या लोकांनी केलेली पापं मोठ्यानं बोलून दाखवी, अन् त्या बोकडाला ओसाड रानात हाकलून देत. त्यांच्या धर्मग्रंथाचं विंग्रजीत भाषांतर करणाऱ्यानं पाचशे वर्षांपूर्वी हा शब्द बनवला. सुटून गेलेला बोकड.

अन् खाली: वापर. त्याच्यापुढं काहीच न्हाई. ओळ रिकामी.

आधी मला वाटलं, तू मला टोमणा मारायला लिवलं. वही भिंतीवर फेकली मी. पुठ्ठा निसटलाय, चिकटवून देते. मग उचलून आणली अन् परत वाचलं.

आपण तरी दुसरं काय केलं? नऊ शेळ्या मेल्या. तुझ्या चांगुणाआत्या, म्हणजे आमच्या वन्सं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन बसल्या अन् म्हणल्या, ‘शेळ्यांच्या वाड्यात पिडा शिरली, एक जितं जनावर शिवेबाहेर काढा.’ वाड्यावरनं लिंबू ओवाळला, भाकरीचा तुकडा ओवाळला. बांडीला पुढं ओढलं. बांडीलाच का, तर ती तुझ्या हातची, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, तुझ्यामागं चुलीपर्यंत येणारी. तिच्या कपाळाला मी हळदकुंकू लावलं. मीच तिला ओढ्यापलीकडं हाकलून आले, मागं वळून न बघता. ती गाभण होती. मला माहीत होतं.

अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी तू.

पण त्या पुजाऱ्याचं एक माझ्या डोक्यातनं जाईना. तो हात ठेवून मोठ्यानं बोलायचा. कुणी काय केलं ते सगळ्यांदेखत सांगायचा, अन् मगच बोकड हाकलायचा. आपण ते बोलायचं तेवढं सोडलं. नुसतं कुंकू लावलं अन् चालती केली. बांडीला अन् तुला.

पुढचं लिवायला आज जमंना. शेळ्या ओरडायल्यात.

मनकर्णा


६ फेब्रुवारी २०२५

रुपाली,

काल चारठाण्याला गेले होते. घरी सांगितलं, देवळाला जाते.

वालूरच्या बाजारात एका बाईनं सांगितलं होतं, चारठाण्याच्या बन्सीधरकडं एक ठिपक्यांची शेळी आपोआप चालत आलीय, कान फाटका हाय अन् आली तवा कपाळाला हळद होती. फाटका कान म्हणल्यावर मी ओळखलं.

बांडीच हाय. दोन पिल्लं झाल्यात तिला, दोन्ही पाटी, एक तिच्यासारखी अन् एक सगळी काळी. गोठ्यात उभी होती. मला पाहिलं अन् कान हलवत आली, हात चाटला. मला रडूबिडू येत न्हाई, तुला माहीत हाय. पण मी तो हात मागं घेतला.

बन्सीधर म्हणाला, ‘मावशी, तुमची असंल तर घेऊन जा. मी तिला बांधून ठेवली न्हाई. कपाळाला हळद दिसली म्हणून बायको भ्याली, म्हणली हाकला. मी म्हणलं, ज्यांनी हाकलली त्यांचं ते बघतील, हिनं आपलं काय खाल्लंय?’

मी म्हणले, ‘न्हाई बाबा. आमी शिवेबाहेर काढलेली. आता आमची म्हणायला तोंड न्हाई.’

तो म्हणाला, ‘मग आलात कशाला?’

त्याला काय सांगू? तुला सांगते. गंगाखेडला यायची छाती न्हाई म्हणून चारठाण्याला गेले. तुझ्यापाशी यायचं सोडून बकरीपाशी गेले. वाटलं होतं तिला पाहून छातीवरचं थोडं उतरंल. उतरलं न्हाई. तिनं हात चाटला म्हणून काय झालं? तिला काय ठाऊक मी काय केलं ते. तुला ठाऊक हाय.

मनकर्णा


१८ फेब्रुवारी २०२५

रुपाली,

२३ तारखेला सोयऱ्यांची बैठक हाय, आपल्या पारावर. तुझ्याकडनं तुझी आई अन् मामा येतील. चांगुणावन्संनी ठरवून टाकलंय की फारकतीचा कागद करायचा. ‘जिच्या हातनं नऊ जीव गेले तिला परत आणू नका’ म्हणतात. रामहरी ‘हो’ म्हणत न्हाई अन् ‘न्हाई’ म्हणत न्हाई.

त्याच्या आधी तुला सांगायचं हाय. बैठकीत बोलायला जीभ वळंल का न्हाई माहीत न्हाई, पण कागदावर तरी यावं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. तू फॉर्म भरायला सेलूला निघालीस. निघताना म्हणलीस, ‘आत्याबाई, पांदीच्या वावरात शेरडं घालू नका. ज्वारी कापून महिना झाला, बुडख्यांना फुटवे आलेत, पाऊस न्हाई म्हणून कोमेजलेत. त्याच्यात विष असतंय, डॉक्टरांनी सांगितलंय.’

मला ते माहीत न्हाई का? माझा जन्म शेळ्यांमागं गेला. माझ्या बापानं मला फुटव्याचं विष सांगितलं तवा तू जन्मलीसुदिक नव्हतीस. पण तू सांगितलंस. शेजारीण उभी होती, तिच्यासमोर सांगितलंस, वही काखेत धरून. माझं डोकं फिरलं. ही आता मला शेळ्या शिकवणार.

दुपारी पाण्यावर न्यायच्या होत्या. चांगल्या वाटेनं गेलं तर ओढ्याला वळसा पडतो. पांदीच्या वावरातनं सरळ हाय. मी बांधावर उभी राहिले अन् म्हणलं, बघू बरं हिचं विष. मुद्दाम आत घातल्या. जास्त न्हाई, विडा कुटून खाईपर्यंत. तेवढ्यात त्यांनी शेंडे खुडून खाल्ले.

वाड्यात आल्या अन् पहिली लटपटली. तू तवाच सेलूहून आली होतीस, निळ्या बादलीनं हौदात पाणी भरत होतीस. शेळ्या तोंड लावायल्या अन् धडाधड पडायल्या. तोंडाला फेस. तू ओरडलीस, ‘डॉक्टरला फोन लावा, सुई दिली तर वाचतात!’ तू फोनकडं पळालीस अन् मी तो आधी उचलून पदरात धरला. म्हणले, ‘डॉक्टर नको, तो पोटं फाडील, देवाघरचं जनावर बाटंल.’

पोट फाडलं असतं तर आत फुटवे दिसले असते. म्हणून.

तोवर सगळे जमले. मामंजी म्हणले, ‘झालं तरी काय?’ मी बोट पण केलं न्हाई. एवढंच म्हणले, ‘पाण्याला कोणती बादली घेतली होती?’ बस. वन्सं बादलीकडं पाहून किंचाळल्या, ‘अगं बाई, फवारणीची!’ ती फवारणीची नव्हती. फवारणीची हिरवी, ती मोटारीच्या खोलीत असते. मला माहीत होतं, तुला माहीत होतं, रामहरीलाबी माहीत असणार. पण एकानं फवारणीची म्हणलं की सगळ्यांना वास यायला लागला.

मी खोटं बोलले न्हाई. मी नुसतं विचारलं. तीन महिने मी स्वतःला हेच सांगायलेय.

अन् सगळ्यात शेवटचं. पहिली मेली तिच्यापाशी तू बसली होतीस. तिच्या दाताच्या फटीत बोट घालून तू काहीतरी काढलंस. हिरवं. हातात धरून पाहिलंस. मग माझ्याकडं पाहिलंस. अन् मूठ झाकलीस.

सगळे तुला बोलत होते तवा ती मूठ तू उघडली न्हाईस. का उघडली न्हाईस ग? एवढी शिकलेली, पाच ओळीत शब्दाचं कूळ काढतेस, अन् आपल्या बाजूचं एक पान हातात असून दाखवलं न्हाईस. तू दाखवलं असतंस तर मी त्या दिवशी तुझा द्वेष केला असता, पण आज मला भाकरी गोड लागली असती.

मनकर्णा


२४ फेब्रुवारी २०२५

रुपाली,

काल बैठक झाली. तुझ्या आईनं सांगितलं असंलच, पण माझ्याकडनंबी ऐक.

पारावर पंधरा-वीस माणसं. मामंजी मधी. वन्संनी सुरुवात केली, सुनेचा पाय, सुनेचं शिक्षण, सुनेची बादली. तुझे मामा खाली मान घालून बसले होते. कागद आणलेला होता. मी बायांमधी भिंतीला टेकून होते.

मी उठले. म्हणले, ‘फुटवे मी खाऊ घातले.’

कुणाला काही समजंना. मग सगळं सांगितलं. पांद, बांध, विडा, फोन. लांबण लावली न्हाई. वन्सं म्हणल्या, ‘भावजयी, डोक्यावर परिणाम झाला का तुझ्या? बादली आमी डोळ्यानं पाहिली.’

बादली त्या दिवसापासनं पत्र्यावर टाकलेली होती. मी गेले, बांबूनं खाली पाडली, धुतली न्हाई बरं का, तशीच नळाखाली धरली अन् पारावर आणून सगळ्यांसमोर तोंडाला लावली. गळ्यावरनं, लुगड्यावरनं पाणी सांडलं. धुळीशिवाय कशाची चव न्हाई. म्हणले, ‘घ्या. मेले तर फारकत करा.’

कुणी हसलं न्हाई. एरवी हसले असते.

मामंजी उठून गेले. काल दुपारपासनं ते देवळात हायत, जेवायला येत न्हाईत. रामहरी उभा राहिला. त्यानं एकच विचारलं, ‘आई, डॉक्टर आला असता तर वाचल्या असत्या का?’

मी म्हणले, ‘निम्म्या तरी वाचल्या असत्या.’

मग म्हणाला, ‘बादली फवारणीची न्हाई हे मला ठाऊक होतं. मी पण बोललो न्हाई.’ अन् खाली बसला. तेव्हापासनं बोलत न्हाई माझ्याशी. भाकरी स्वतः वाढून घेतो. तो तुझ्याशी काय बोलंल ते त्याचं त्यानं बोलावं, मी त्याची वकिली करणार न्हाई.

कागद झाला न्हाई. जाणते म्हणले, फारकत करायची का न्हाई हे आता पोरीनं सांगायचं, आपण न्हाई. वन्सं पाय आपटत निघाल्या. जाताना म्हणल्या, ‘मग आता घरातली पिडा कोण?’ मी म्हणले, ‘ही काय, बसलेय समोर. काढायची तर मला काढा. शीव मला माहीत हाय.’

तुझी आई मात्र खरी बाई हाय. सगळे पांगल्यावर मी तिच्यापाशी गेले. मला म्हणली, ‘विहीणबाई, माझी पोर आज आली नाही ते बरं झालं. तिनं ऐकलं असतं तर तुम्हाला लगेच माफ केलं असतं. तिचा स्वभावच तसला. मी करत नाही.’ मी वही पुढं केली. तिनं हात लावला न्हाई. म्हणली, ‘तुम्ही लपवलीत, तुम्हीच पोचती करा.’

बरोबर हाय. म्हणून आज सेलूला जाऊन रजिस्टर पोस्टानं पाठवायलेय. ९ मार्चला पेपर हाय, त्याच्या आधी मिळंल. पुठ्ठा खळीनं चिकटवलाय. मधी मधी ज्वारीचे दाणे निघतील, ते कणगीतले.

परत ये असं मी लिवणार न्हाई. बन्सीधरच्या दारात मला कळलं, हाकललेलं ओढून आणायला आपला हक्क उरत न्हाई. बांडी तिथं बरी हाय. तू तिथं बरी असशील तर तिथंच राहा. यायचं वाटलं तर ये, शेळ्यांना कुठं चारायचं ते तू सांगशील तसं मी करीन, अन् शेजारणीसमोर सांगितलंस तरी चालंल.

राहिलं शेवटचं पान. काल रात्रभर मी पेन घेऊन त्या रिकाम्या ओळीपाशी बसले. एकदा ‘मनकर्णानं’ असं लिवलं. मग खोडलं. परत लिवलं, परत खोडलं. मला वाटलं होतं आपण केलं तर आपणच वापर लिवावा. पण मग वाटलं, त्यातबी मी तुझ्या वहीत हात घातला. मी जे बोलायचं ते पारावर बोलून झालंय.

तेवढी खाडाखोड माझी हाय, तिला नाव ठेवू नको. बाकीची ओळ रिकामीच ठेवलीय.

मनकर्णा